टेलरकाकांचा केक आणि चौथी टाचणी

आमच्या शेजारचे टेलरकाका माणसाच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी खांद्यांकडे बघतात. तोंडानं "या, बसा" म्हणतात आणि डोळ्यांनी 'उजवा खांदा अर्धा इंच खाली' अशी नोंद करतात. त्यांचं स्वतःचं माप मात्र काकूंनी लग्न झाल्या झाल्या घेऊन टाकलं, आणि त्यात ते आजतागायत निमूटपणे बसले आहेत. दुकान त्यांचं, स्वयंपाकघर काकूंचं. पाणी हवं असलं तरी दारातून हात लांब करतात.

थंडी पडली की काकूंच्या अंगात दोन गोष्टी संचारतात, विणकाम आणि केक. एका हातानं विणतात आणि दुसऱ्या हातानं फेटतात असं आमच्या गल्लीत म्हणतात. केक झाला की नाही हेसुद्धा त्या स्वेटरची सुई खुपसूनच बघतात. पण या हिवाळ्यात काकू ओल्या फरशीवरून घसरल्या आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. नातीचा स्वेटर एका बाहीवर थांबला. त्याचं एक वेळ चाललं असतं. पण लेक सासूला घेऊन सुट्टीला येणार होती, आणि काकूंनी फोनवर विहीणबाईंना ठणकावून सांगितलं होतं, "केक बाहेरचा नाही हं, घरचाच!" विहीणबाई म्हणजे कौतुकसुद्धा भिंग लावून करणाऱ्या बाई. दिलेला शब्द मोडला तर लेकीला तो वर्षभर ऐकावा लागला असता.

"बेकरीतून आणू आणि डबा बदलू," काका म्हणाले.

"डबा बदलाल हो, चव कशी बदलाल? ते काही नाही. मी सांगते, तुम्ही करा."

मी त्या दुपारी माझी पँट झाली का ते विचारायला गेलो होतो. मला अंडी फेटायला बसवलं.

काकू हात गळ्यातल्या झोळीत अडकवून स्टुलावर बसल्या होत्या. "दोन वाट्या मैदा घ्या."

"शीग लावून की सपाट?"

"नेहमीसारख्या."

"माझं नेहमीसारखं म्हणजे काय? मी आजवर नुसता खाल्लाय!"

"साखर अंदाजानं."

"अंदाज किती घेऊ?"

"आणि लोणी हाताला कळेल इतकं मऊ करा."

"कुणाच्या हाताला?"

"माझ्या!" असं म्हणून काकूंनी प्लास्टर पुढे केलं. काकांनी त्याच्याकडे आदरानं पाहिलं आणि लोणी आणखी जरा दाबलं.

एकूण सगळा आनंदच होता. पण काकूंनी "आता डब्याला आतून कागद लावा" म्हटलं मात्र, काकांचा चेहरा उजळला. "अस्तर लावायचंय होय? मग आधी नाही का सांगायचं!" गळ्यातली टेप निघाली. डब्याची लांबी, रुंदी, उंची घेऊन झाली. कागद कापताना शिलाईला अर्धा इंच सुटला.

"अहो, शिवणार आहात का तो?"

"सवय गं." त्यांनी चार कोपऱ्यांसाठी चार टाचण्या ओठांत धरल्या आणि अस्तर टाचायला घेतलं. ते बघायला काकू पुढे वाकल्या आणि त्यांची झोळी गळ्यावरून सुटली. "आई गं!" काकांनी बंद ओठांतूनच "हं हं" करत झोळी वर घेतली, नीट बसवली आणि ते पुन्हा अस्तराकडे वळले. पीठ ओतून कागद बसल्यावर त्यांनी टाचण्या काढल्या, डबा ओव्हनमध्ये गेला आणि घरभर असा वास सुटला की मी पँट विसरलो.

केक फुगून बाहेर आला. काका टाचण्या आपल्या छोट्या टाचणी-उशीत खोचायला गेले आणि तिथेच थिजले. "तीनच आहेत."

"डब्यातून किती काढल्या?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे किती?"

"होत्या तेवढ्या!"

"गिळली तर नाहीत ना?"

"गिळली असती तर मला कळलं नसतं?"

"तुम्हाला? परवा चहातून बटण प्यायलात!"

काकांनी दुकानातलं टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक आणलं. केकजवळ नेताच ते टप्पकन चिकटलं. "सापडली!" आम्ही तिघंही ओरडलो. ते डब्याला चिकटलं होतं. केक बाहेर काढला, तेव्हा ते कशालाच चिकटेना. मग काकूंच्या विणायच्या सुईनं टाचणी शोधणं सुरू झालं. केकची चाळण झाली, टाचणी लागली नाही. काकूंचा आवाज ओला झाला. "विहीणबाईंच्या हिरडीत ती गेली, तर माझ्या लेकीला जन्मभर टोचेल हो."

काकांनी सुरी घेतली आणि केकचे असे पातळ काप काढायला सुरुवात केली की प्रत्येक काप खिडकीशी धरल्यावर पलीकडचा विजेचा खांब दिसावा. एकाही कापात टाचणी नव्हती. पण काप हातात मोडायला लागले, म्हणून काकूंनी ते पुन्हा ओव्हनमध्ये घालून कडक करायला लावले. एवढ्यात दाराशी रिक्षा थांबली.

विहीणबाईंनी काप उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि कुर्रकन चावला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. काकांनी लोहचुंबक पाठीमागे तयार धरलं होतं. विहीणबाईंनी दुसरा काप उचलला, मग तिसरा. "असा केक मी कुठे खाल्लाच नाही! किती जीव लावून कापलाय! कुणी केला?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. "ह्यांनीच," त्या म्हणाल्या. चारचौघांत काकांचं कौतुक मी प्रथमच ऐकत होतो. काकांनी बहुधा कधीच ऐकलं नव्हतं, कारण 'हे' म्हणजे कोण ते बघायला त्यांनी मागे वळून पाहिलं.

पुढे दवाखान्यात प्लास्टर काढायच्या दिवशी कंपाउंडर झोळी सोडायला लागला. "ही मानेमागे टाचणी कुणी मारली?" काकांनी पुढे वाकून पाहिलं. "माझी चौथी," ते पुटपुटले.

"म्हणजे केकचे एवढे हाल उगीच केले?" काकू म्हणाल्या.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. दोनदा करून पाहिला, तसा होत नाही, नेमकं करता तरी काय?

"काप पातळ हवेत," काकू म्हणाल्या. "म्हणजे कसं, काहीतरी हरवलंय असं समजून कापायचं."

"काय हरवलंय?"

काकूंनी फोनवर हात ठेवला. "अहो, काय सांगू?"

काका माझ्या पँटची कंबर टाचत होते. त्यांनी ओठांतली टाचणी हातात घेतली, दोनदा तपासली आणि म्हणाले, "सांग, अंदाजानं."