दोन फ्रेट पुढे

तारांचा दुसरा सेट बसवला, तरी काशिनाथदादांच्या बासमधून खरखर येतच होती.

"ताई, यापेक्षा पातल तार नाय का?"

"आहे. पण लावून उपयोग नाही. अजून खरखरेल."

"मग ॲक्शन आनखी खाली घ्या."

ॲक्शन म्हणजे तार आणि खालची पट्टी यांच्यातलं अंतर. कमी असलं की तार दाबायला हलकी जाते. फार कमी केलं की तार फ्रेटवर, म्हणजे पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्यांवर, आपटते. दादांचा उजवा हात जोरात वाजवणारा. मी ॲक्शन आधीच जाईल तितकी खाली घेतली होती.

मी वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात गिटार दुरुस्त करते. त्याआधी याच इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांसाठी साचे-अवजारं बनवतात तिथे, नोकरीला होते. बास म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. गाण्यात तो कुणी मुद्दाम ऐकत नाही. बंद पडला की मात्र गाणं पोकळ वाटतं.

काशिनाथदादा खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. होडी चालवायची आणि हळदीच्या कार्यक्रमांना ऑर्केस्ट्रात बास वाजवायचा, असं त्यांचं बावीस वर्षं चाललेलं. माझ्याकडे आले ते एकच वाक्य घेऊन : तारा पातळ करा. का, ते मी विचारलं नाही. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

त्या दिवशी शुभदाताई दुरुस्तीला दिलेला स्वतःचा बास न्यायला आल्या. या डोंबिवलीच्या, बँकेतून रिटायर झालेल्या. मुलगा कॅनडाला गेला आणि त्याचा बास घरी राहिला. आधी नुसता पुसायच्या, मग शिकायला लागल्या. त्या दोन मिनिटं दादांचं वाजवणं बघत उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "दादा, तुमच्या हाताला काय झालंय?"

मी आठवडाभरात न विचारलेला प्रश्न.

दादांनी डावा हात पुढे केला. होडीच्या इंजिनाच्या पट्ट्यात सापडलेला. बोटं वाचली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धंच वाकत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, यापुढे फारसा फरक पडणार नाही.

"ग्रुपवाला दिलीप बोलला, आता कीबोर्डवरच बास वाजवू," दादा म्हणाले. "मी त्याला बोललो, मना एक चान्स दे. पुढच्या रविवारी प्रॅक्टिसला बोलावलाय."

"माझ्याही बोटांना संधिवात आहे," शुभदाताई म्हणाल्या. "हा घ्या. वाजवून बघा."

दादांनी तारेवरून बोट फिरवलं आणि थांबले. "या तारा गुलगुलीत हाईत."

या फ्लॅटवाउंड तारा. साध्या बासच्या तारेवर गोल तारेचा वेढा असतो, म्हणून ती खरबरीत लागते. हिच्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. बोट न अडकता सरकतं.

"पण कडक हाईत," दादा म्हणाले.

"कडकच असतात. म्हणून मी त्या दोन सूर खाली उतरवून लावते. आणि बोटं ताणायची नाहीत, हात सरकवायचा. ताणायला गेलं की संपलं."

मग दोघांचं सुरू झालं. कुठली तार कधी तुटली, घामाने कुठली लवकर गंजते, मुलाच्या बासवरचा ओरखडा कसा पडला. दादांनी आपल्या बासवरची वितळलेली खूण दाखवली, मांडवातल्या हॅलोजनची. अर्धा तास माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी तेवढ्यात मोजपट्टी घेऊन फ्रेटमधली अंतरं मोजायला बसले.

तारा दोन सूर उतरवल्या की नेहमीचा सूर दोन फ्रेट पुढे सापडतो. पुढे फ्रेट जवळजवळ असतात. पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटपर्यंत बोटं जितकी फाकवावी लागत होती, त्यापेक्षा तिसऱ्या ते पाचव्यापर्यंत जवळजवळ एक सेंटीमीटर कमी. दादांच्या हाताला नेमकं तेवढंच कमी पडत होतं.

"यात एक गोष्ट आहे," मी म्हटलं. "बावीस वर्षांत पाठ झालेली प्रत्येक जागा दोन फ्रेट पुढे जाणार. मोकळी वाजवायचा ती तारसुद्धा आता दाबावी लागणार. सगळं नव्याने."

"रविवारला किती दिवस हाईत?"

"नऊ."

"बसवा तारा."

मी फ्लॅटवाउंड बसवल्या. ताण बदलल्यामुळे बासची मान, म्हणजे फ्रेटची पट्टी बसवलेला लांब दांडा, उलट्या बाजूला वाकली. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती पिळून वाक काढतात. सळईचा नट गंजलेला. जोर लावला असता तर सळई तुटली असती. तेल सोडून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले, मग पाव-पाव फेरा देत सैल केली. ॲक्शन थोडी वर घेतली. खरखर गेली.

पुढचे आठ दिवस दादा रोज सकाळी मासळी उतरवून गाळ्यात यायचे. शुभदाताई एक दिवसाआड. "हात सरकवा, ताणू नका," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ड्रिल चालवताना मीच पुटपुटायला लागले. एकदा दादांनी बास खाली ठेवला आणि म्हणाले, "डोक्याला समाजतं, हाताला नाय." शुभदाताई म्हणाल्या, "मला साठाव्या वर्षी काहीच समजत नव्हतं. उचला." त्यांनी उचलला.

रविवारी प्रॅक्टिसला कल्याणच्या हॉलवर मीही गेले. सेटिंग बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्यात दादांचा हात जुन्या जागी गेला आणि सगळं बेसूर झालं. कीबोर्डवाल्याने दिलीपकडे बघितलं.

"परत घ्या," दादा म्हणाले. आवाज चढवला नाही. "पयल्यापासून."

परत घेतलं. या वेळी हात चुकला नाही. दिलीपने गाण्यांची यादी चाळली. मग म्हणाला, "फास्ट गाणी कीबोर्डवर राहू दे दादा. बाकी तू घे."

"आता राहू दे," दादा म्हणाले. "दिवालीला परत विचारीन."

दिवाळीला त्यांनी विचारलं. आता तीनच गाणी कीबोर्डवर आहेत. त्यातलं एक तरी परत मिळवायचं म्हणून दर बुधवारी दादा आणि शुभदाताई अजून गाळ्यात येतात, आणि माझं एक टेबल अडवतात.

मी स्वतःपुरतं एवढं शिकले : कुणी बास घेऊन आलं की आधी हात बघायचा. आठवडाभर मी धडधाकट बास दुरुस्त करत होते.