आमच्या घराचं कार्ड

मनोहर डॉक्टर गेल्याचं मला शाळेत कळलं. फळ्यावर गणित अर्धं सोडवून झालं होतं. शिपाई दारात येऊन हळूच सांगून गेला आणि पुढची पायरी मला आठवेना... ती पोरांनीच सांगितली. त्याला आता महिना होत आला. वालूरमधल्या किती घरांची बाळंतपणं त्यांनी सांभाळली, हे गाव जाणतं. मला लिहायचंय ते आमच्या घरातल्या दोन बाळंतपणांविषयी.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली आम्हाला पहिला मुलगा झाला, तेव्हा डॉक्टर गावात नवे होते. आमच्याकडे पहिले तीन दिवस आईचा चीक पिळून टाकत आणि बाळाला कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी देत. माझ्या आईनंही तेच केलं. डॉक्टर रोज येत, माझ्या पत्नीची, सुनंदाची नाडी बघत, त्या बोळ्याकडे बघत आणि काही न बोलता निघून जात. चौथ्या दिवशी मुलगा गेला. बारसंही झालं नव्हतं. पुढे घरात त्याचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही, मी पुस्तकात डोकं घालून बसू लागलो.

दोन वर्षांनी सुनंदाला पुन्हा दिवस गेले. या वेळी डॉक्टर तिला दर महिन्याला दवाखान्यात बोलावून घेत, पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का ते बघत, गोळ्या घेतल्या का ते खोदून विचारत. मी बाहेर बाकावर वाचत बसे. मुलगी आठव्याच महिन्यात झाली, ओंजळीत मावेल एवढी. नीट रडायचंही बळ नव्हतं तिच्यात. आईनं गूळ भिजत घातला, तसे डॉक्टर बाळंतिणीच्या खोलीच्या दारात आडवे उभे राहिले.

"मावशी, गाय व्याली की खरवस गल्लीभर वाटता. मग ह्या लेकराला आईचा चीक का न्हाई?"

"माझ्या सुनंला गाय म्हनायलाव का?"

"न्हाई वो. वासराला भेटतंय ते नातीला भेटू द्या, एवढंच म्हनायलोय."

"लय शिकवू नका डॉक्टर. आमी काय लेकरं वाढवली न्हाईत?"

डॉक्टरांचा आवाज उतरला. "वाढवली की. पण मागच्या टायमाला मी तुमाला भिऊन गप बसलो, मावशी. लेकरू वाचलंच असतं असं न्हाई म्हनत... पण बोलायला पायजे होतं. आज गप बसनार न्हाई."

आईनं गुळाची वाटी स्वतःच उचलून बाजूला ठेवली. मुलीला ओढता येत नव्हतं. सुनंदानं चीक वाटीत पिळला आणि आईनं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चमचा उकळून घेऊन त्यानं चीक थेंबथेंब पाजला. दुपार कलेपर्यंत डॉक्टर ओसरीवर बसून होते. मुलगी आता पहिलीत आहे.

गेल्या रविवारी डॉक्टरांच्या घरी भेटून आलो. दवाखाना आवरायला काढला होता. डॉक्टर प्रत्येक घराचं एक जाड कागदाचं कार्ड ठेवत; ती ज्याची त्याला द्यायला त्यांच्या पत्नीनं वेगळी काढली होती. आमचंही दिलं. वर माझं नाव, मग सुनंदाचं, मग 'मुलं', आणि त्याखाली डॉक्टरांच्या बारीक अक्षरात दोन ओळी. दुसरी मुलीची. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'मिलिंद. चार दिवस.'

घरी येऊन मी कार्ड सुनंदापुढे धरलं. ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच वर धरून तिनं ते वाचलं.

"तू नाव ठेवलं होतंस?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हनून सांगितलं."