तात्पुरत्या फोल्डरातला आवाज

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. ओटीवर मोड आलेल्या वालांचं टोपलं मधे, ही एका बाजूला, मी दुसऱ्या. मुलगी खालापूरहून, सासरहून आठवडाभर आली होती. भिंतीला टेकून लॅपटॉपवर कंपनीचं काम करत होती.

"माझ्या प्रोग्रामची तपासणी आपोआप चालते," ती सांगत होती. "दर वेळी एक तात्पुरता फोल्डर बनतो, काम झालं की पुसला जातो. तो मी डिस्कवर ठेवतच नाय, मेमरीत ठेवते, मशीन बंद झालं की तीही रिकामी. त्यासाठी वेगळी फाइल सिस्टम बनवलीय. झटक्यात होतं, मागं कचरा राहत नाय."

मी चौथी शिकलेला. मला एवढंच कळलं की हे आमच्या खळ्यासारखं. भात झोडायला शेतात जागा सारवायची, पुढच्या पावसाळ्यात तिच्यावरच नांगर घालायचा.

तपासणीला आवाजाची एक फाइल हवी होती. "आई, बोल कायतरी."

"काय बोलू गं? वाल भिजवायला पाणी कोमट पायजे. बोट बुडवून बघायचं. आणि ह्यांना इचारू नको, ह्यांना नुसतं खाता येतं."

तिघंही हसलो. मुलीनं तो आवाज त्या फोल्डरात टाकला, तपासणी सुरू केली. तेवढ्यात ही म्हणाली, "छातीत कसंतरी होतंय." मुलगी लॅपटॉप तसाच टाकून उठली. दवाखान्यात न्यायला टेंपो येईपर्यंत ही गेली होती.

माणसं जमायला लागली. त्या लॅपटॉपचा पंखा ओटीवर घरघरत होता. मला ते सोसेना. बटण दाबून धरलं, बंद केला.

तेरावं झालं त्या संध्याकाळी मी म्हणालो, "आईचा आवाज लाव."

मुलीनं लॅपटॉप जवळ ओढला, पण उघडला नाही. मग म्हणाली, "बाबा, तो मेमरीत होता. गेला."

"मी बंद केलं म्हणून?"

"नाय हो. तपासणी संपली की आपोआप पुसला जातो."

"संपली होती का?"

"संपली असंल."

असंल म्हणजे काय? मी पुसला की यंत्रानं पुसला? की मला बरं वाटावं म्हणून पोरगी बोलतेय? डोकं चालेना. मी म्हणालो, "खळं मोडतात गं, पण भात आधी घरात नेतात." बोलायला नको होतं. ती रडायला लागली.

"नुसता तपासणीपुरता घेतला होता, बाबा. आई इथंच तर होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर पाणी तापवलं. उतरवून बोट बुडवलं. कोमट की कढत, कळेना. मुलीला हाक मारली. तिनंही बोट घातलं.

"आई एवढंच तापवायची का?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो. "मला नुसतं खाता येतं."

मग वाल ओतले पाण्यात.