बैलांना दिलेलं आवतण

पाली गावच्या त्या बाईचं प्रकरण आठवलं की आजही माझं मलाच हसू फुटतं. निजामाचं राज्य होतं. मी बीडच्या ठाण्यात अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. पोळ्याची सकाळ. बंदोबस्तासाठी जवानांची हजेरी घेत होतो, तेवढ्यात पालीचा एक शेतकरी शेजाऱ्याला साक्षीला घेऊन आला.

"साहेब, माजी भावजय येडी झालीय. काल बैलाच्या कानात त्याला जेवाया बोलवत हुती. मी समजवाया गेलो तर नांगराचं रुमणं घेऊन अंगावर धावली. तिला पागलखान्यात धाडा."

भावजय विधवा, मूलबाळ नाही. जमीन आणि बैलजोडी तिचीच. आमचे तहसीलदारसाहेब हैदराबादेहून नुकतेच आलेले. बैलांना दावत देणारी बाई ऐकून ते चमकले आणि बाईला लगेच कचेरीत आणायचा हुकूम झाला.

कायदा मात्र मनमानी करू देत नव्हता. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलेला असावा, नाहीतर स्वतःला सांभाळायची शुद्धच त्याला नसावी. डॉक्टरांनी तपासून तसं लिहून द्यावं, आणि तहसीलदारांनी स्वतः बोलून खात्री करावी. त्याशिवाय कुणाला मर्जीविरुद्ध पाठवता येत नसे.

बाई आली ती भांडतच. "आज पोळा! बैलांना आवतण दिलंय, पुरण शिजवायचंय, आन् तुमी मला हितं आणलं व्हय?"

डॉक्टर तिला तपासत होते, तोवर मी साक्षीदाराला बाजूला घेतलं. खोट्या साक्षीदाराला दरडावू नये. त्याला घरचं विचारावं.

"काल खांदेमळण झाली का रे तुझ्याकडं?"

"झाली की! लोणी-हळद लावून बैलांचे खांदे मळले."

"आणि कानात काय म्हणालास?"

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. समदेच म्हंत्यात, साहेब."

"मग तुलाही धाडू का पागलखान्यात?"

गडी असा चपापला, की मला मिशीआड हसू लपवावं लागलं. आता पाळी दिराची.

"रुमणं घेऊन धावली ती कुठं?"

"गोठ्यात."

"कुणाच्या?"

"तिच्याच."

"तू तिथं काय करत होतास?"

तो पागोटं सारखं करू लागला. अखेर साक्षीदारच बोलला, "दावी सोडत हुता, साहेब. केजच्या बाजारात बैल इकायचे हुते." भावजय एकदा गेली की बैलही आपले आणि रानही आपलं, असा हिशोब होता लेकाचा!

तहसीलदारसाहेबांसमोर मी सगळं मांडलं. घरोघरचे बैल कालपासून जेवणाचं आमंत्रण घेऊन बसलेत, हे ऐकून ते हसत सुटले. पण रुमणं राहिलंच होतं. त्यांनी बाईला विचारलं, "फिर मारोगी क्या इसको?"

बाईनं इशाऱ्यासाठी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "पुन्यांदा दावं सोडाया आला तर हाणीन!"

एवढं एक वाक्य तिला घेऊन बुडालं असतं. पण साहेबांनी उलट विचारलं, "और नहीं आया तो?"

"तर मी कशाला मारू? दीर हाय माजा."

डॉक्टर म्हणाले, बाई ठणठणीत आहे. साहेबांनी अर्ज तिथंच फेटाळला आणि दिराला खोट्या फिर्यादीची कडक ताकीद दिली. बाई सुटली! मला असा आनंद झाला म्हणता, जणू माझीच आई सुटली. मी तिला जवानासोबत टांग्यानं पालीला पाठवलं.

पुढं नोकरीत असे अर्ज बरेच आले. काही माणसं खरंच आजारी होती, त्यांना उपचाराला पोचवलं. पण माणूस जगावेगळं वागतो एवढ्यावर मी कधी सही केली नाही. त्याच्यापासून धोका कुणाला, हे मी विचारायचोच. तो गेल्यावर फायदा कुणाचा, हेही विचारायचो.

त्या पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी बंदोबस्ताला पालीत गेलो, तेव्हा तिचे बैल झुली पांघरून वेशीत उभे होते. कासरा तिच्याच हातात होता.

"मावशी, दिराला जेवायला बोलावलं की नाही?"

"बोलावलं की! बैलांस्नी आवतण देती, त्याला उपाशी ठिवू व्हय?"

"मग? आला का?"

"आला! लई लाजत लाजत आला, आन् दोन पोळ्या जास्तीच्या खाऊन गेला मेला!"