पहिला मजला

दुपारचं जेवण झालंय. खुर्चीतच डोळे जड होतात. समोर आमच्या कऱ्हाडच्या इमारतीचा नकाशा आहे. तळमजल्याच्या भिंती पाडून गाड्यांना जागा करायची ठरली आहे. मी इंजिनिअर, म्हणून सोसायटीला माझी सही हवी.

पंख्याचा आवाज लांब जातो आणि मी पार्किंगमध्ये उभा असतो. आमच्या नाही, अहमदाबादच्या. खांबाला टेकून शैलाताई उभी आहे. माझी मोठी बहीण. सव्वीस जानेवारीच्या भूकंपात तिची इमारत बसली आणि ती त्यात गेली, त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. तिच्या बोटांना कणीक लागलेली आहे.

"मुकुंदा, जेवलास?"

"हो. तू इथे का उभी? वर जा ना."

"वर कुठे? वरचं सगळं खाली आलं."

तिच्या बोलण्यात तक्रार नाही, म्हणून जास्त लागतं. ते घर मीच तिला सुचवलं होतं. खाली पार्किंग आहे, पावसाचं पाणी घरात शिरणार नाही, असं म्हणालो होतो.

आम्ही चालू लागतो. खांब संपत नाहीत. ते आमच्या लहानपणच्या शाळेच्या व्हरांड्यात शिरतात, वर्गात बाकांच्या जागी स्कूटर लावलेल्या आहेत.

"वरच्या मजल्यांना भिंती होत्या," ताई म्हणते. "खाली नुसते खांब. हलायचं ते सगळं खालीच हललं. चौथ्या मजल्यावर लोणच्याच्या बरण्यासुद्धा फुटल्या नाहीत म्हणे."

"तेव्हा मला एवढं कळत नव्हतं गं."

"आता कळतं ना?"

छत खाली येतंय. मला वाकावं लागतं, तिला नाही.

"डुबल म्हणतात, कोयनेचे धक्के नेहमीचेच आहेत, काही होत नाही."

"डुबल कोण?"

"सोसायटीचे चेअरमन. पहिल्या मजल्यावर राहतात. बायको, सून, नात."

"मीपण पहिल्याच मजल्यावर होते," ती म्हणते आणि माझी बाही घट्ट धरते.

जाग येते. चार वाजलेत. मी डुबलांना फोन लावतो.

"भिंती पाडता येणार नाहीत. मी सही देत नाही."

"मग दुसरा इंजिनिअर बघू," ते शांतपणे म्हणतात आणि फोन ठेवतात.

बायको चहा घेऊन येते. तिची नजर माझ्या हातावर थांबते.

"हे काय लागलंय? आज तर मी नुसता भात केला होता."

बाहीवर चार बोटांची कणीक वाळून घट्ट बसली आहे.