त्यांच्या गावची दिवाळी

आमची शाळा निवडलेल्या पोरांची होती. सातवीनंतर परीक्षा घेऊन सरकार आजूबाजूच्या तालुक्यांतली हुशार मुलं वेचायचं आणि फुकट बोर्डिंगात ठेवून अकरावीपर्यंत शिकवायचं. माझ्या वर्गात तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांची पोरं जास्त, पेठेतल्या मारवाड्यांची तीन, कारकुनांची दोन-चार. मी नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या मापाड्याचा. आणि चार मुलं सातपुड्यातली, एकाच गावच्या वेगवेगळ्या पाड्यांवरची. या चौघांचं शाळेला भारी कौतुक. कुणी साहेब येणार असले की त्यांना धुतलेले सदरे घालून पहिल्या बाकावर बसवत, कारण साहेबांच्या कागदावर डोंगरातल्या मुलांसाठी वेगळा रकाना असे. साहेबांची जीप गेली की चौघं आपापल्या जागी.

मॅट्रिकचं वर्ष लागलं आणि कौतुक आटलं. शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा, तसं दारावरच्या फळ्यावर रंगवून घेतलेलं होतं. चौघांपैकी तिघांचं इंग्रजी कच्चं होतं. फळा कसा टिकवायचा, हा हेडमास्तरांच्या जिवाला घोर.

चौथ्याचं इंग्रजी पक्कं होतं. तो माझ्या बाकावर बसायचा. आठवीपासून तो पहिला आणि मी दुसरा. सुट्टीत घरी गेलो की वडील प्रगतिपुस्तक उलटंसुलटं करून विचारायचे, "तो डोंगरमाईन येस आनि तुन्हा पुढे जास?" मला त्याचा हेवा वाटत नव्हता असं लिहायला बरं वाटलं असतं. वाटत होता. भूमिती मला तोच समजावून सांगायचा, आणि त्या समजावण्याचाही राग यायचा.

आपली दिवाळी सगळ्यांची एकाच अमावास्येला. सातपुड्यात तसं नाही. पिकं घरात आली की गावातली जाणती माणसं बसून दिवस ठरवतात. आज या गावची दिवाळी, आठवड्याने पलीकडच्या. आमची सुट्टी कधीच संपलेली, थंडी पडलेली, आणि यांच्या गावचा दिवस ठरला. चौघांनी रजेचे अर्ज दिले. हेडमास्तरांनी कधी नव्हे ते हसून सह्या केल्या. "जा, मजा करा, दिवाळी उरकून दहा दिवसांनी सोमवारी या," म्हणाले. शुक्रवारी चौघं निघाले. पुढचा शुक्रवार त्यांच्या दिवाळीचा.

ते गेले आणि लगेचच्याच सोमवारी सकाळी नोटीस लागली. अकरावीची चाचणी परीक्षा गुरुवारपासून शनिवारपर्यंत. जो बसणार नाही त्याचा एस.एस.सी.चा फॉर्म जाणार नाही. वर्गाने तारखा वहीत उतरवून घेतल्या. आम्ही हुशार पोरं होतो, सगळ्यांना लगेच समजलं.

मंगळवारी बाजार होता. शाई घ्यायला गेलो तर मिठाच्या दुकानासमोर माझ्या बाकावरच्या त्या चौथ्याचा काका दिसला. मला तो ओळखत होता, बोर्डिंगात भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायचा. गूळ, मीठ, नवं लुगडं, सगळं दिवाळीचं सामान त्याच्या डोक्यावर. संध्याकाळच्या गाडीने जाणार होता. त्याला कळलं असतं तर बुधवारी रात्रीपर्यंत चौघं शाळेत आले असते.

"शाळा चालू शे ना?" त्याने विचारलं.

"चालू शे, काका."

"आमना पोऱ्या सोमवारे येई. मास्तरले सांगजो."

"सांगस," मी म्हणालो.

एवढंच झालं. घाईत होतो, सुचलं नाही, हेडमास्तरांची भीती वाटली, अशी कारणं मी पुढे बरीच जमवली. एकही खरं नाही. मला सगळं सुचलं होतं. काका गर्दीत दिसेनासा होईपर्यंत मी तिथंच उभा होतो, आणि हाक मारायला तेवढा वेळ भरपूर होता. परीक्षा झाली. मी पहिला आलो.

सोमवारी तो आला तो थेट माझ्याकडे. फडक्यात भाकरी आणि उडदाची डाळ बांधून आणली होती, त्याच्या आईने माझ्यासाठी म्हणून दिलेली. मी खाल्ली. खाऊन होईपर्यंत तो समोर बसून दिवाळीत कोण किती नाचलं ते सांगत होता. मग घंटा झाली आणि जाताना त्याने नोटीस वाचली.

हेडमास्तरांच्या खोलीतून तो लवकरच बाहेर आला. "नियम सगळ्यांना सारखा," हे हेडमास्तरांचं वाक्य दारापर्यंत ऐकू आलं. रजेवर सही कुणाची होती हे त्यांनीही काढलं नाही आणि शिक्षकांपैकी कुणी विचारलंही नाही. ज्याचा फॉर्म गेला नाही त्याला बोर्डिंगात जागा नव्हती. चौघांनी त्याच दिवशी पेट्या भरल्या. माझ्याशेजारची वळकटी बांधताना तो खाली मान घालून म्हणाला, "काका सांगे, तू बजारमा भेटना व्हता."

मी वळकटीच्या दोरीचं टोक धरून दिलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. भूमितीची वही मात्र माझ्या उशीजवळ ठेवून गेला, कारण मला ती लागणार होती. पुढच्या वर्षी चौघांपैकी कुणी आलं नाही.

त्या साली निकाल शंभर टक्के लागला. मी शाळेत पहिला. सभागृहातल्या पाटीवर सोनेरी रंगात माझं नाव अजून आहे.

परवा शाळेच्या समारंभाला मला बोलावलं होतं. पाटीखाली खुर्ची ठेवलेली, समोर मुलं बसलेली, पहिल्या रांगेत धुतलेल्या सदऱ्यांतली डोंगरातली. घरून ठरवून गेलो होतो की आज सांगून टाकायचं, मी दुसरा होतो. नारळ, शाल, टाळ्या झाल्या. माईकपुढे उभा राहिलो आणि वीस मिनिटं मेहनतीचं महत्त्व सांगितलं.