वहिनींचा उपासाचा केक

“आई, थुंका! गिळू नका तो केक!”

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी सासूबाईंवर अशा ओरडल्या की बाळकुममधल्या आमच्या सोसायटीच्या सातही बिल्डिंगींना वाटलं, केकमध्ये विष पडलं. मी तिथेच ताटली घेऊन उभा होतो.

वहिनींची एक खोड आहे. केक देताना आधी त्याच्या तक्रारी सांगतात, “जरा बसलाय हं, कडेला करपलाय.” मग आपण घास गिळेपर्यंत तोंडाकडे बघत राहतात. त्यांच्या केकपायी माझी एक दाढ आणि दोन सुऱ्या कामी आल्या, तरी मी नाही म्हणत नाही. सासूबाईंनी मात्र अंड्याच्या धास्तीने बारा वर्षांत चवही घेतली नव्हती. यंदा त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस नेमका एकादशीला आला. वहिनींनी राजगिरा आणि वरीच्या पिठाचा उपासाचा केक केला, आणि सासूबाई चक्क हो म्हणाल्या.

त्यांचा दुसरा घास तोंडात असताना वहिनींनी बेकिंग पावडरचा डबा वाचला. त्यात मक्याचं पीठ, म्हणजे धान्य, म्हणजे उपास मोडला!

“आई, चुकलं हो माझं,” वहिनी रडायच्याच बाकी होत्या.

सासूबाईंनी सावकाश घास गिळला.

“डबा सकाळीच वाचलाय मी. अजून एक तुकडा दे.”